तिरक्या अक्षरातली ओळ

देवनागरी अक्षर तिरकं केलं की पडायला आल्यासारखं दिसतं, ही प्रज्ञेश मोरेची कॉलेजपासूनची तक्रार. कॉम्प्युटरला सांगितलं की तो अख्खी ओळ एका बाजूला ढकलून मोकळा होतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबल्यावर पीएमटीतली उभी माणसं कलतात, तशी ती अक्षरं कलतात. कुणाचा भार कुणाच्या अंगावर. प्रज्ञेशला कलतानाही पाय जमिनीवर असलेलं अक्षर हवं होतं, आणि त्यासाठी त्याने तीन वर्षं घातली.

आधी तिरप्या कापलेल्या टोकाच्या कटनिबने कागदावर लिहायचं, मग त्यातलं बरं निवडून कॉम्प्युटरवर घ्यायचं. काना वरून जाड निघून खाली येता येता बारीक व्हायचा. वेलांटी साडीचा पदर सावरावा तशी सहज मागे पडायची. शिरोरेषा त्याने सलग ओढलीच नाही. प्रत्येक अक्षराची आपली छोटी रेघ, डावीकडून किंचित उचललेली, शेजारच्या अक्षराला नुसती टेकणारी. जोडाक्षरं सातशेच्या वर झाली. एकट्या 'क्ष'ला तीन आठवडे लागले, कारण पोट मोठं झालं की तो बसका दिसे आणि लहान केलं की उपाशी.

अक्षरांचा कल अकरा अंशांचा होता. अकराच का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "डोळ्याला बरं वाटलं." खरं कारण त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात होतं. त्याची आई, मथुराबाई, येरवड्याच्या महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. ती लिहायला शिकली पस्तिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या साक्षरता वर्गात. गुडघ्यावर पाटी तिरकी टेकवून लिहायची, म्हणून तिचं अक्षर जन्माचं उजवीकडे कललं. प्रगतिपुस्तकातली तिची सही प्रज्ञेशने एकदा कोनमापक लावून मोजली. अकरा अंश. फाँटचं नाव त्याने 'मथुरा' ठेवलं.

नारायण पेठेतल्या तात्यारावांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते खूश झाले. "मथुरा! वा. श्रीकृष्णाची," असं म्हणून त्यांनी टाळी दिली. प्रज्ञेशने मान हलवली. खरं सांगायला दहा सेकंद लागले असते, पण नवी ओळख होती, म्हातारा माणूस खुशीत होता. राहिलं ते राहिलंच.

तात्याराव बहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापत होते. दुकानाच्या दारावर पाटी होती: 'पत्रिका निवडायला चार माणसे पुरतात. उरलेल्यांनी बाहेर थांबावे.' प्रज्ञेशचा फाँट सगळ्यात आधी वापरला तो त्यांनीच, आणि तो कुठे वापरायचा हेही प्रज्ञेशला त्यांनीच शिकवलं. हे काम प्रज्ञेशने केलं होतं खरं, पण ते राहतं कुठे, कशावर शोभतं, हे त्याला धड माहीत नव्हतं.

"असं बघा मोरे," तात्याराव पत्रिका हातात धरून सांगायचे, "नावं सरळ अक्षरात. तारीख, वेळ, कार्यालय, तेही सरळ. माणूस चुकता कामा नये. विनंती मात्र तिरक्यात. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' हे सरळ लिहिलं तर नोटीस वाटते. आणि नको ते सांगायचं असलं तर हमखास तिरक्यात. 'कृपया आहेर आणू नये.' बघा कसं अलगद उतरलं. तिरकं अक्षर म्हणजे आवाज खाली घेऊन बोलणं. फार बोलू नये त्यात. एक ओळ, दोन ओळी."

प्रज्ञेश हे सगळं मनात टिपून घ्यायचा. हळूहळू मथुरा शहरभर दिसू लागली. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या पिशव्यांवर, अत्तराच्या डब्यांवर, डोहाळजेवणाच्या निमंत्रणांवर, एका आइस्क्रीमच्या दुकानाच्या काचेवर. एकदा स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबला असताना समोरच्या टेम्पोच्या मागे 'आईची पुण्याई' त्याच्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं, तेव्हा हिरवा दिवा लागूनही तो हलला नाही आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

मथुराबाईंनी एक चिकटवही केली होती. रिटायर झाल्यापासून हा त्यांचा उद्योग. मुलाच्या अक्षरातलं काहीही दिसलं की मागून आणायचं, कापून वहीत डकवायचं आणि खाली तारीख आणि ठिकाण लिहायचं. वही जाड होत चालली होती. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरात ती कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असायची.

त्या शनिवारी सकाळी प्रज्ञेशने ती वही पहिल्यांदा नीट उघडली. सोमवारी एका डिझाइन कॉलेजमध्ये त्याचं भाषण होतं, विषय होता 'एका अक्षराचे उपयोग'. पडद्यावर दाखवायला नमुने हवे होते. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. हा पलंगावर वही उघडून मोबाइलने एकेक पानाचा फोटो घेऊ लागला. पैठणीच्या दुकानाची पिशवी. एका कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ. कुणाच्या तरी साठीशांतीचं आमंत्रण.

सदतिसाव्या पानावर एक छापील फॉर्म होता. हा नमुना चांगला निघेल, असं त्याला आधी वाटलं, कारण तळाशी एक ओळ एकटीच होती आणि तिच्या चहूबाजूंनी भरपूर मोकळी जागा होती. त्याने फोटो घेतला. मोठा करून बघितला. अक्षरांमधलं अंतर सुरेख होतं. 'क्ष' पोटाशी अगदी हवा तेवढा भरलेला, 'स्व' त्याच्या मागून हलकेच आलेला. छापणाऱ्याला कळतं, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याने ती ओळ वाचली.

'जातीची अट नाही. एससी, एसटी क्षमस्व.'

त्याने पुन्हा वाचली. वर फॉर्मचं नाव होतं, 'शुभसूत्र वधू-वर सूचक मंडळ'. नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण, शिक्षण, अपेक्षा. आणि खाली ही ओळ. बाकी सगळं सरळ अक्षरात, मथुरेत तेवढी हीच. प्रज्ञेशच्या कानात काहीतरी गच्च बसल्यासारखं झालं. लाटणं पोळपाटावर वाजत होतं ते त्याला ऐकू येत होतं, पण फार लांबून. अशा ओळी असतात हे त्याला ठाऊक होतं. पेपरात, वेबसाइटवर त्याने त्या शंभर वेळा पाहिल्या होत्या आणि पान उलटलं होतं. पण त्या दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात होत्या. हा 'क्ष' त्याचा होता. तीन आठवडे त्याने त्याला जोजवलं होतं.

डकवलेल्या फॉर्मखाली आईच्या कललेल्या अक्षरात तारीख होती. चार महिन्यांपूर्वीची. आणि ठिकाण: नारायण पेठ.

तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. "आई, हे तू वाचलंस?"

मथुराबाईंनी वळून पाहिलं, तव्यावरची पोळी उलटली. "वाचलं."

"केव्हा?"

"घरी आणल्यावर. दुकानात चष्मा नव्हता. तुझंच अक्षर दिसलं म्हणून घेतला, आणि म्हटलं तुझ्यासाठी भरूही. तिशी उलटली तुझी. घरी येऊन नाव लिहिलं बघ वर."

त्याने पाहिलं. पहिल्या रकान्यात पेन्सिलीने 'चि. प्रज्ञेश' एवढं लिहून खोडलेलं होतं. ते आधी त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग फाडून का नाही टाकलास?"

"तुझं अक्षर कसं फाडू?"

"अगं, पण हे काय लिहिलंय..."

"काय लिहिलंय ते कळतं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, तुला माहीत असणार. तूच लिहून दिलं असशील. गिऱ्हाईक सांगेल ते लिहावं लागत असेल, कामच आहे."

प्रज्ञेशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी? हे मी लिहून दिलं?"

"अक्षर तुझं नाही का?"

"आई, फाँट तसा नसतो. मी अक्षरं करून ठेवतो. लोक विकत घेतात आणि त्यांना हवं ते टाइप करतात. मला कळतसुद्धा नाही कोण काय लिहितंय. इतकी कार्डं मी बसून लिहितो असं वाटत होतं तुला?"

"दिवसभर बसलेला तर असतोस," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी गॅस बारीक केला. "तुझ्या नजरेखालून जात असेल असं वाटायचं. मला कुणी सांगितलंय कधी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. चार वर्षं तो घरी कार्डं दाखवत होता, आई कौतुक करत होती, आणि तो नेमकं काय करतो हे त्याने तिला कधी धड समजावलंच नव्हतं. चार महिने. चार महिने ती त्याला डबा देत होती, त्याच्या शर्टाला बटणं लावत होती, आणि मनात हे धरून होती की आपल्या मुलाने हे लिहून दिलं.

त्याला तिथे उभं राहवेना. "मी वही नेतोय," एवढं बोलून तो चप्पल घालू लागला.

"जपून ने," आतून आवाज आला. "आणि जेवून जा की."

तो न जेवताच निघाला.

तात्याराव दुकानात एकटेच होते. समोर प्रुफांचा ढीग. "या मोरे," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "चेहरा असा का? कुणी मथुरेची चोरी केली की काय?"

प्रज्ञेशने वही काउंटरवर उघडली. "हा फॉर्म तुम्ही छापलात?"

"शुभसूत्रवाल्यांचा. हो. का, वेलांटी तुटली का कुठे?"

"शेवटची ओळ वाचा."

तात्यारावांनी नजर फिरवली. "वाचली."

"मोठ्याने वाचा, तात्याराव."

म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग प्रूफ वाचावं तशा सुरात वाचलं, "जातीची अट नाही पूर्णविराम. एससी स्वल्पविराम एसटी क्षमस्व पूर्णविराम. शुद्धलेखन बरोबर आहे."

थट्टा असती तर त्याला राग आला असता. पण तात्याराव थट्टा करत नव्हते. त्यांना त्या ओळीत खरंच तेवढंच दिसलं होतं.

"काय झालं काय?" तात्याराव म्हणाले. "अहो, सगळ्यांच्याच फॉर्मवर असते ही. उलट मी ती सुधारून दिली. त्यांनी जाड टाइपात दिली होती, चौकट करून. मी म्हटलं, हे असं अंगावर येतं. तिरक्यात घेऊ. टोचणार नाही."

"कुणाला?"

"काय कुणाला?"

"कुणाला टोचेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

"म्हणजे... वाचणाऱ्याला. लोकांना."

"मी एससी आहे, तात्याराव. आम्ही बौद्ध."

तात्यारावांचा हात प्रुफावरच्या पेपरवेटवर होता तो तिथेच राहिला.

"तुम्ही?" ते म्हणाले. आणि मग, "वाटत नाही हो."

ते वाक्य बाहेर पडलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढणारा तो माणूस, पण ही काढता येईना. त्यांच्या गळ्याशी लाली चढली. "म्हणजे मला तसं... तुम्ही कधी बोलला नाहीत. चार वर्षं येताय."

"नाही बोललो," प्रज्ञेश म्हणाला. ते खरंच होतं, आणि ते म्हणताना त्याची जीभ जड झाली. "मथुरा माझ्या आईचं नाव आहे. श्रीकृष्णाची नाही. मथुराबाई मोरे. ही वही तिची. तिने हा फॉर्म तुमच्याच काउंटरवरून नेला. माझ्यासाठी."

तात्यारावांनी वही आपल्याकडे ओढली. एकेक पान उलटलं. खालची कललेली अक्षरं वाचू लागले. नारायण पेठ. नारायण पेठ. पुन्हा नारायण पेठ.

"निळी पिशवी असते त्यांच्याकडे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"त्या येतात. महिन्या-दोन महिन्यांनी. ह्या अक्षरातलं काही जादा आहे का, असं विचारतात. मला वाटायचं, मुलांच्या शाळेसाठी वगैरे नेत असतील. कधी विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "मोरे, हा त्यांनी उचलला नाही. मीच दिला. म्हटलं, हा घ्या, नवीन आहे, घरात कुणी लग्नाचं असेल तर कामालाही येईल. थँक्यू म्हणाल्या हो त्या मला."

आणि ते मागच्या खुर्चीत बसले. प्रज्ञेशला वाटलं होतं इथे येऊन आपण ओरडू. ओरडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. त्याने वही बंद करून बॅगेत ठेवली आणि बाहेर पडला. ओंकारेश्वराच्या पुलापर्यंत गाडी चालवली आणि तिथे ती बाजूला घेऊन थांबला. आई आणि तात्याराव चार वर्षं एकमेकांना भेटत होते आणि समोरचं माणूस प्रज्ञेशचं कोण, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्याने आईला एकदाही त्या दुकानात नेलं नव्हतं. का नेलं नव्हतं, हे त्याने स्वतःला आजवर विचारलं नव्हतं आणि आता विचारायची हिंमत होत नव्हती.

एरंडवण्यातल्या स्टुडिओत कल्याणी होती. ती त्याची कॉलेजातली मैत्रीण, आणि दोघांनी मिळून हा स्टुडिओ काढला होता. तिने फॉर्म पाहिला, सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या ताईच्या लग्नाच्या वेळी असाच एक फॉर्म मी भरला होता," ती म्हणाली. "एक्झॅक्ट हीच ओळ. आणि प्रज्ञेश, मला काहीच वाटलं नव्हतं. तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचास तेव्हा."

दिवसभरात हे तिसरं. प्रत्येक जण साधंच काहीतरी सांगत होता आणि प्रत्येक वेळी पायाखालची फरशी हलत होती.

"थांब," कल्याणी एकदम सरळ बसली. "आपण फाँटमध्येच बसवू ना. दोन अक्षरं जोडून तिसरं करतो, तसंच. हे शब्द ह्या क्रमाने आले की त्यांच्या जागी काहीच उमटायचं नाही. कोरी जागा. अपडेट पाठवून देऊ. कुणाला कळणारही नाही."

त्याने अर्ध्या तासात ते केलं. चाचणी म्हणून टाइप केलं. 'जातीची अट नाही.' आलं. मग पुढचे शब्द टाइप करत गेला आणि शेवटच्या अक्षराला ते सगळे पुसले गेले. त्यांच्या जागी नुसतं पांढरं. कल्याणीने टेबलावर हात आपटला. "येस्!"

प्रज्ञेश त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा फॉर्म आता आईने आणला तर ती भरेल."

"म्हणजे?"

"जातीची अट नाही, एवढंच दिसेल तिला. ती पूर्ण भरेल. फोटो लावेल. बस बदलून त्यांच्या ऑफिसात जाईल, रांगेत बसेल. आणि तिथला माणूस तोंडाने सांगेल तिला, सगळ्यांसमोर." त्याने केलेलं सगळं काढून टाकलं. ओळ पडद्यावर परत आली, जशी होती तशी, सुरेख. "दिसू दे. छापतात तर दिसू दे."

सोमवारी त्याने भाषणात तो फॉर्म पडद्यावर लावला. आधी पैठणी, अत्तर, डोहाळजेवण सगळं झालं होतं, आणि मुलं मोकळेपणाने हसत-बोलत होती. हा फॉर्म आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाइल उचलून फोटो घेतला. "सर, 'क्ष' कसला भारी आलाय," मागून कुणीतरी म्हणालं. एकाने अक्षरांमधल्या अंतराबद्दल विचारलं. प्रज्ञेशने उत्तर दिलं नाही. तो नुसता थांबला. मुलं त्याच्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघू लागली, आणि मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी ओठांनी वाचताना त्याला दिसली. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिला काय झालं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग त्याने सांगितलं. अकरा अंश कुठून आले ते. आईची पाटी. ओंकारेश्वराच्या पुलाचं सोडून बाकी सगळं. शेवटी टाळ्या वाजल्या नाहीत. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मग आता फाँट बंद करणार?"

"माहीत नाही," प्रज्ञेश म्हणाला. ते खरं होतं.

फाँट बंद झाला नाही. लायसन्समध्ये त्याने एक कलम घातलं की कुणाचीही जात पाहून दार लावणाऱ्या मजकुरासाठी ही अक्षरं वापरू नयेत. कल्याणी म्हणाली, "हे कोण पाळणार आहे?" ते कुणी पाळलंही नाही. तात्यारावांनी शुभसूत्रवाल्यांना फोन करून सांगितलं की ती ओळ काढा, नाहीतर मी छापणार नाही. त्यांनी काम दुसरीकडे नेलं. पंधरा दिवसांत नवे फॉर्म आले. तीच ओळ, तोच फाँट, कलम घालायच्या आधी रीतसर विकत घेतलेला.

त्याच्या पुढच्या रविवारी तात्याराव विश्रांतवाडीला आले. न कळवता, रिक्षाने, पत्ता विचारत विचारत. दार मथुराबाईंनी उघडलं. "तुम्ही दुकानवाले," त्या लगेच म्हणाल्या. "या, आत या."

तात्याराव आत आले पण बसले नाहीत. येताना काहीतरी ठरवून आले असावेत, पण ते त्यांना आठवेना. "माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणाले. "तुम्हाला मी तो कागद द्यायला नको होता. छापायलाच नको होता."

"बसा आधी," मथुराबाई म्हणाल्या. "तुम्ही मला दर वेळी स्टूल द्यायचात बसायला. बाकीचे दुकानदार देत नाहीत." त्यांनी चहा ठेवला, आणि बाहेर येऊन समोर बसत विचारलं, "छापायच्या आधी तुम्ही वाचून बघता ना?"

"शुद्धलेखन बघतो," तात्याराव म्हणाले.

"हां," मथुराबाई म्हणाल्या.

तात्यारावांनी चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. जाताना त्यांनी प्रज्ञेशच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला, आणि जिना उतरले.

संध्याकाळी मथुराबाई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. प्रज्ञेश शेजारी येऊन बसला. इतके दिवस जे विचारायचं होतं ते त्याने आता विचारलं.

"तुला वाटलं ना, ते मी लिहून दिलंय. मग चार महिन्यांत एकदाही मला विचारलं का नाहीस?"

त्यांनी एक जुडी सोडवली, मुळं तोडून बाजूला टाकली.

"विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि तू हो म्हणाला असतास तर?"

प्रज्ञेशला पुन्हा तसंच झालं, कान गच्च, आवाज लांबून येणारे. त्याला म्हणायचं होतं की मी कधीच हो म्हणालो नसतो. पण तिला तसं वाटू शकलं होतं, आणि ते वाटायला चार वर्षं त्यानेच जागा करून दिली होती. तिने वर पाहिलं नाही. पेपरवरची निम्मी मेथी तिने हाताने त्याच्याकडे सरकवली, आणि तो खाली मान घालून पानं खुडू लागला.